मधोमध बसलेला केक

केक मधोमध बसला होता. बसला म्हणजे थोडाथोडका नाही, त्या खड्ड्यात एक वाटी आरामात मावली असती. आणि हा केक केला होता मी, ज्याने छत्तीस वर्षं बेकरीच्या भट्टीसमोर उभं राहून काढली. इमारतीतले लोक मला बेकरीकाका म्हणतात ते काही माझं तोंड बघून नाही.

तो का बसला हे मला पक्कं माहीत होतं. सूनबाईने ओव्हनचं दार उघडलं होतं. केक अर्धवट फुगलेला असताना दार उघडलं की गार हवा आत शिरते आणि केक खाली बसतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मी केक आत ठेवून दाढी करायला गेलो. परत येतो तर ही ओव्हनसमोर उभी, हातात जाड हातमोजा.

"दार उघडलंस?" मी विचारलं.

तिने हातमोजा काढून ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "हो बाबा. जरा बघायला उघडलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर थेंब थेंब मोजते, प्रत्येक बाटलीवर वेळ लिहिते. तिला चाळीस मिनिटं दम धरवत नाही? पण मी तिच्याशी भांडलो नाही. भांडलो असतो तर चिरंजीव मध्ये पडले असते, आणि त्यांना निमित्तच हवं होतं.

ते निमित्त काय, तेही सांगतो. महिन्यापूर्वी माझ्याकडून बिस्किटांचा ट्रे ओव्हनमध्ये राहून गेला. घरभर धूर झाला, वरच्या मजल्यावरचे लोक खाली धावत आले. कबूल, झाली चूक. पण तेव्हापासून चिरंजीवांनी न्यायाधीशाची खुर्चीच घेतली. "बाबा, आता ओव्हनला हात लावायचा नाही." ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं तो मला हात कुठे लावायचा ते सांगणार. मी दोन दिवस जेवलो नाही. शेवटी असं ठरलं की इमारतीच्या जेवणासाठी मी एक केक करायचा. तो नीट झाला तर ओव्हन माझा. काही गडबड झाली तर ओव्हन बंद, कायमचा, आणि मी पुन्हा विषय काढायचा नाही.

सत्तर वर्षांच्या माणसाची परीक्षा. घेणार कोण, तर ज्याला अंडं फोडता येत नाही तो.

म्हणून सकाळी मी संत्र्याचा साधा केक करायला घेतला. चिरंजीव टेबलाशी पेपर वाचायचं सोंग करत बसले होते. खरं तर पहारा होता. सूनबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला भाजी चिरत होती. मध्येच फोन वाजला. मीच जाऊन घेतला, कोणीतरी विमा विकत होतं, त्याला मी चार शब्द सुनावले आणि परत येऊन मिश्रण पूर्ण केलं. सगळं व्यवस्थित. केक आत गेला तसे चिरंजीवही पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. आणि मग हे दार.

दुपारी आम्ही तिघं केक घेऊन खाली हॉलमध्ये गेलो. वर्षातून एकदा आमच्या इमारतीचं तिथे एकत्र जेवण असतं. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा आणि त्याच्यापुढे चिठ्ठी ठेवायची, काय आहे आणि कोणी केलं. मी घरूनच मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहून आणली होती. केक बसला तर बसला. चव कुठे जात नाही.

हात धुऊन आलो तर केक जागेवर नाही. शोधतो तर टेबलाच्या अगदी टोकाला, भाताच्या भल्यामोठ्या पातेल्यामागे, वर कागदी रुमाल. चिठ्ठीचा पत्ता नाही. मी तो उचलून पुढे आणला. पाच मिनिटांनी बघतो तर पुन्हा मागे.

"हे कोण करतंय?" मी विचारलं.

सूनबाई जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, केक आपण घरी नेऊ या का? एवढं जेवल्यावर गोड कोण खाणार?"

"टेबलावर चार प्रकारचं गोड आहे. ते सगळं खाणार, आणि माझाच नको?"

"तसं नाही हो."

"मग कसं? लाज वाटते माझ्या केकची?"

माझा आवाज चढला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई हातात ताटली घेऊन वळून बघायला लागल्या. सेक्रेटरी कोणाला तरी खुर्ची देत होते, ते खुर्ची धरूनच थांबले. त्यांना पाहून मला आणखी चेव आला.

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हणालो. "माझा केक बिघडवला हिने, आणि आता लपवतेय पण हीच. भर मध्यात ओव्हनचं दार उघडलं. विचारा तिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही मला म्हणाल, म्हणून आधीच सांगतो. अंगण खरंच वाकडं होतं, आणि वाकडं केलं हिने."

चिरंजीव पाण्याचा ग्लास घेऊन आले. "तू दार उघडलंस?" त्यांनी तिला विचारलं.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"तुला एवढंही कळत नाही? महिनाभर घरात काय चाललंय ते माहीत आहे ना तुला? त्यांचा एक केक तुला नीट होऊ देता आला नाही?" सगळ्यांसमोर. ती खाली बघत राहिली. मग चिरंजीव माझ्याकडे वळले. "जाऊ दे बाबा. तुमची काही चूक नव्हती. ओव्हन राहू दे तुमच्याकडे."

झालं. जिंकलो. मला इतका आनंद झाला की आता सांगताना स्वतःची शरम वाटते. तिची मान खाली आणि माझी वर, आणि मला ते आवडलं.

मी सुरी घेतली आणि केक कापला. पहिला तुकडा गणिताच्या बाईंना, दुसरा सेक्रेटरींना, तिसरा सूनबाईच्या ताटलीत, मुद्दाम. चौथा मी उचलला.

तोंडात घालण्याआधीच मला दिसलं. केकच्या पोटात मोठी मोठी भोकं होती. दार उघडल्याने बसलेला केक आतून चिकट आणि गच्च होतो, त्याला अशी भोकं पडत नाहीत. मग मी चावलो. जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, साबण चाटल्यासारखी चव आली. आमच्या बेकरीत असा माल निघाला की मालक फक्त एकच प्रश्न विचारायचा, पावडर कोणी मोजली?

बेकिंग पावडर दोनदा पडली होती. एकदा फोनच्या आधी आणि एकदा फोनच्या नंतर. आधी टाकलेली मला आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही.

मी वर पाहिलं. गणिताच्या बाई चावत होत्या. "छान झालाय हो," त्या म्हणाल्या आणि पाण्याकडे निघाल्या. सूनबाई मात्र ताटलीकडे बघत शेवटच्या घासापर्यंत आपला तुकडा खात होती. थेंब थेंब मोजणारी बाई. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिने दोन्ही वेळा पाहिलं होतं.

तेव्हाच ती का बोलली नाही? हा प्रश्न मनात आला आणि उत्तरही लगेच आलं, कारण टेबलाशी पेपर उघडून कोण बसलं होतं ते मला माहीत होतं. ती एक शब्द बोलली असती तर ओव्हन तिथल्या तिथे बंद झाला असता. आणि केक ती लपवत होती तो खड्ड्यासाठी नाही, चवीसाठी.

मी गप्प बसू शकलो असतो. एवढ्या सगळ्यांत बेकरीतला माणूस मी एकटाच, कोणाला काय कळणार होतं? तोंडातला घास गिळायचा आणि ओव्हन घेऊन घरी जायचं. मी घास गिळलाही.

"हिने दार उघडलं नाही," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो. "केक मीच बिघडवला. पावडर दोनदा टाकली. खाऊ नका, पोटात दुखेल."

सेक्रेटरींनी आपला तुकडा अलगद ताटलीच्या कडेला सरकवला. चिरंजीव माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ओव्हन गेलेला स्पष्ट दिसला. त्यांना राग आला नव्हता, कीव आली होती. राग परवडला असता.

सूनबाईने ताटली खाली ठेवली आणि मला दंडाला धरून बाहेरच्या नळापाशी नेलं. मला वाटलं, आता रडेल. आभार मानेल, असंही वाटलं. माणूस किती मूर्ख असतो.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं?" ती म्हणाली. "सांगा ना. कोणी विचारलं होतं? महिनाभर मी ह्यांच्याशी भांडतेय. ह्यांनी ओव्हन विकायला काढला होता, तो मी थांबवला. आज सगळं जुळून आलं होतं. आणि तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलंत."

"अगं, पण मी तुझ्यावर चारचौघांत आळ घेतला होता," मी म्हणालो. "खोटा."

"आळ माझ्यावर रोजच येतो बाबा. चहा गार, टॉवेल ओला, किल्ली सापडत नाही, दूध उतू गेलं, सगळ्याला मीच. आज पहिल्यांदा त्याचा काही उपयोग होत होता."

तिने नळ सोडला आणि खसाखसा हात धुवायला लागली. चहा, टॉवेल आणि किल्ली ह्या तक्रारी माझ्या होत्या. चिरंजीवांच्या वाट्याला फक्त दूध. सहा वर्षं मी तिच्या हातचं खातोय, आणि हा हिशोब मी कधी केला नव्हता. तिने नळ बंद केला, ओले हात ओढणीला पुसले आणि माझ्याकडे न बघता आत गेली.