ठकूबाई माझ्या पोटात आहे

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. कुवेतमध्ये, फरवानियातल्या एका खोलीत, कपाटाच्या डोक्यावर, दोन सुटकेसींच्या खाली मी पडून आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना सुस्कारे टाकतात, जुन्या दिवसांच्या आठवणीने गहिवरतात, असं मी ऐकलं आहे. मला ते जमणार नाही. मी संतापलो आहे आणि माझी हकिकत ऐकून तुम्हीही थोडं संतापावं अशी माझी इच्छा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला डोळा बसवला, मोटार बसवली, तबकडी घ्यायला एक कप्पा दिला आणि जाता जाता माझ्या आत एक कुलूपही घातलं. कुणा शहाण्यांनी टेबलावर जगाचा नकाशा पसरून त्याचे तुकडे पाडले होते. एका तुकड्यात विकलेली तबकडी दुसऱ्या तुकड्यातल्या यंत्रात चालू द्यायची नाही, असा त्यांचा नियम. मला आखाती देशांसाठी बनवलं होतं, म्हणून भारतातली तबकडी मी बाहेर काढायची. तबकडी चांगली, माझा डोळा चांगला, समोर बसलेला माणूसही चांगला, तरी म्हणायचं की चालणार नाही. मला पहिला राग आला तो तेव्हा.

कुवेतच्याच हवल्ली भागातल्या एका दुकानातून जयरामने मला विकत घेतलं. जयराम कुडाळजवळच्या एका खेड्यातला. कुवेतमध्ये तो इमारतींना एसीचे डक्ट बसवतो, वर्षानुवर्षं कंत्राटावर. त्या दिवशी तो गावाहून मागवलेली एक तबकडी रुमालात गुंडाळून घेऊन आला होता. दुकानातच ती घालून पाहिली आणि मी नाही म्हटलं. जयरामचा चेहरा असा पडला की मला माझ्या बनवणाऱ्यांची लाज वाटली. पण काउंटरमागे फरहत नावाचा दुरुस्तीवाला बसला होता. त्याने रिमोट हातात घेतला, माझा कप्पा उघडला, काही आकडे दाबले आणि कुलूप गळून पडलं.

"लो भाई," तो जयरामला म्हणाला, "अब ये किसी से नहीं पूछेगा कि कहाँ से आए हो."

तेव्हापासून मी कुणालाही विचारलं नाही. भारतातली, दुबईची, कुठलीही तबकडी येवो, मी ती फिरवली. घासलेल्या, ओरखडे पडलेल्या, कधी सांबार सांडलेल्यासुद्धा.

आता त्या रुमालातल्या तबकडीबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं. एकदा जयरामच्या गावात मराठी सिनेमावाले आले होते. त्यांनी त्याच्याच घराच्या ओटीवर एक प्रसंग घेतला. शेतातून दमून आलेल्या माणसांना म्हातारी जेवायला बसवते, एवढाच तो प्रसंग. म्हातारीचं काम करणारी नटी तापाने आजारी पडली, तेव्हा दिग्दर्शकाने जयरामच्या आईलाच उभं केलं. तिचं नाव ठकूबाई. रोज म्हणता तेच म्हणा, असं त्याने तिला सांगितलं. ठकूबाईने पदराला हात पुसले, कॅमेऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि म्हणाली, "बसा रे जेवूक. जेवान निवता." जेवण थंड होतंय, एवढाच त्याचा अर्थ. सिनेमा फार चालला नाही. पण ठकूबाई त्यात राहिली.

पुढे ती गेली तेव्हा जयराम इथेच होता. कफीलने, म्हणजे त्याच्या इथल्या जामीनदार मालकाने, पासपोर्ट हातात द्यायला उशीर केला आणि तो गावी पोचेपर्यंत दहावंसुद्धा उरकलं होतं. त्याच्याकडे आईचे फोटो आहेत. आवाज मात्र त्या सिनेमात आहे तेवढाच. दुसरीकडे कुठेही नाही.

मित्रांनो, पितृपक्षात कोकणात म्हाळ घालतात हे तुम्हाला ठाऊक असेल. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, भाजी असं सगळं पानावर वाढतात आणि पहिलं पान कावळ्यासाठी बाहेर ठेवतात. कावळा शिवला की गेलेलं माणूस जेवलं, मग घरच्यांनी बसायचं. फरवानियात केळीची पानं मिळतात, काळे वाटाणे गावाहून येतात, पण कावळा कुठून आणायचा? पहिल्या वर्षी गच्चीवर पान ठेवून हे लोक उन्हात उभे राहिले. कबुतरं आली. कबुतरांवर जयरामचा विश्वास बसेना.

तेव्हा त्याच्या खोलीतला रूपेश, हा वेल्डर आहे आणि बोलतो कमी, तो म्हणाला, "दादा, आवशीकच विचारूया." आवस म्हणजे आई. त्यांनी टीव्हीसमोर पान वाढलं, मला चालू केलं आणि सिनेमा ठकूबाईपर्यंत नेला. ती पडद्यावरून म्हणाली, "बसा रे जेवूक. जेवान निवता." जयरामने डोळे पुसले आणि सगळे जेवायला बसले.

तेव्हापासून तोच रिवाज झाला. ठकूबाईने म्हटल्याशिवाय त्या खोलीत म्हाळाचं जेवण कुणी तोंडात घालत नसे. शेजारच्या खोल्यांतले गाववालेही त्या दिवशी येत आणि माझ्यासमोर मांडी घालून बसत. असा मान कुठल्या यंत्राला मिळतो? एरवी मला आपटतात, माझ्यावर चहाचे पेले ठेवतात, मी कधी हूं की चूं केलं नाही. म्हाळाच्या आदल्या दिवशी जयराम ओल्या फडक्याने माझं अंग पुसायचा, तेवढं मला पुरत असे.

मागच्या म्हाळाचीच गोष्ट. जेवणं झाली, आणि कामावरून कुणाला तरी फोन आला म्हणून घाईघाईत भिंतीवरचं बटण बंद केलं. तबकडी माझ्या कप्प्यातच राहिली. तिची डबी तेवढी बंद होऊन बाकीच्या डब्यांबरोबर खोक्यात गेली. लगेच पुढच्या आठवड्यात खोलीने वर्गणी काढून नवा टीव्ही आणला. मोठा, पातळ, भिंतीला चिकटून बसणारा. त्याच्या पाठीला माझी लाल, पांढरी, पिवळी वायर लावायला जागाच नव्हती. जगातल्या सगळ्या खिडक्या आपल्याला उघडतात असा तोरा मिरवणाऱ्याला तीन साधी भोकं ठेवता आली नाहीत. मला कपाटावर टाकलं. पोटात ठकूबाई होती आणि कप्पा उघडून पाहावं असं कुणालाही वाटलं नाही.

आता मुकेशबद्दल. मुकेश हा जयरामच्याच वाडीतला, चुलत पुतण्या, इथे इलेक्ट्रिशियन आहे. मुलगा वाईट नाही. उन्हाळ्यात तो सुट्टीवर गावी गेला होता. तिथे त्याने मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये तो सिनेमा पाहिला, विकत घेतला आणि परत आल्यावर मोठ्या कौतुकाने काकाला दाखवलं. 'विकत घेतले' असं तिथे ठळक लिहिलेलं होतं.

"काका, आता पिच्चर कायमचो आपलो झालो," तो म्हणाला. "आता सीडीची भानगड नको."

आणि खोलीत जागा नाही म्हणून त्याने डब्यांचं ते अख्खं खोकं सामान गोळा करणाऱ्याला देऊन टाकलं. डबी गेली म्हणजे तबकडीही गेली, असं सगळ्यांनी धरून चाललं. मी वरून ऐकत होतो. मला वीज नव्हती, नाहीतर कप्पा उघडून मी जीभ दाखवली असती.

यंदाचा म्हाळ शुक्रवारी आला. सकाळपासून वडे तळले, पान वाढलं, टीव्हीसमोर ठेवलं. जयराम आंघोळ करून, स्वच्छ लुंगी नेसून पानामागे बसला. मुकेशने मोबाईल उघडला. हा चित्रपट तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही, असं त्यावर आलं.

"थांब हां काका, मी गावाकच डाउनलोड करून ठेवलेलो आसा," मुकेश म्हणाला. मोबाईलमध्ये सिनेमा होता, खरोखरच होता. पण तो उघडण्याआधी ॲपला एकदा आपल्या मालक कंपनीशी बोलून खात्री करायची होती. मुकेशने इंटरनेट चालू केलं. ॲप मालकाशी बोललं, आपण कुवेतमध्ये आहोत हे त्याला कळलं आणि त्याने खिशातला सिनेमाही कुलपात घातला. मित्रांनो, हेच ते कुलूप. फरहतने माझ्या अंगातून काढून फेकलेलं कुलूप या लोकांनी उचलून पुन्हा लावलं, आणि अशा जागी की कुणा फरहतचा हात तिथे पोचू नये. आणि वर म्हणायचं, विकत घेतले. विकत घेतलेल्या टोपलीला दुकानदार घरी येऊन कधी झाकण लावतो का?

रूपेशने टीव्हीचा रिमोट घेऊन शोधलं. टीव्हीतल्या दुसऱ्या एका ॲपवर तोच सिनेमा निघाला, आणि इथे चालतही होता. सगळ्यांनी निःश्वास टाकला. रूपेशने तो भराभर पुढे नेला. ओटी आली, शेतातली माणसं आली, ठकूबाईने पदराला हात पुसले. तिचे ओठ हलले आणि कुणा तरुण बाईचा गोड गोड आवाज आला, "बैठो बच्चो, खाना ठंडा हो रहा है."

इथल्या प्रदेशासाठी त्यांनी सिनेमा हिंदीत ठेवला होता. मराठी आवाज निवडायची सोयच नव्हती. रूपेशने सगळी बटणं दाबून पाहिली.

"ह्यो माझ्या आवशीचो आवाज न्हय," जयराम शांतपणे म्हणाला. "बंद कर तां."

मी आयुष्यात खूप काही फिरवलं आहे. फालतू सिनेमे फिरवले, फुटक्या आवाजाचे फिरवले. पण माणसाच्या तोंडातून त्याचा आवाज काढून दुसऱ्याचा घालण्याचं पाप माझ्याकडून कधी घडलं नाही. ज्यांनी ते केलं त्यांना ठकूबाई कोण हे ठाऊक नसेल. त्यांना कुणीच ठाऊक नसतं, मला राग येतो तो त्याचाच.

वडे गार होत होते. शेजारचे गाववाले दारात चुळबुळत उभे होते. मुकेशचा चेहरा उतरला होता. मग त्याने जयरामच्या मुलीला, दर्शनाला, गावी व्हिडिओ कॉल लावला. तिथे तो सिनेमा दिसत होता. तिने घरच्या टीव्हीवर लावला आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला.

"बाबा, दिसता काय? आता आजी बोलतली, ऐका."

चित्र तुटत होतं, तरी ठकूबाई दिसली. ओठ हलले. आवाज नाही. दर्शनाचं बोलणं स्वच्छ येत होतं, मागचं काहीच नाही.

"आवाज येणा नाय गो," जयराम म्हणाला.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा तसंच. मग मुकेशच्या लक्षात आलं आणि तो खाली मान घालून म्हणाला, की बोलणाऱ्याशिवायचे सगळे आवाज हा फोन गोंगाट समजून पुसून टाकतो. ते कुठे बंद करायचं, हे त्याला सापडत नव्हतं.

गोंगाट. एका आईच्या आवाजाला त्यांनी गोंगाट ठरवलं.

मी तिथेच होतो, मित्रांनो. जयरामच्या डोक्यावर, उभं राहून हात वर केला तर लागावा इतका जवळ. तबकडी माझ्या पोटात होती, तिच्यात ठकूबाई होती, आणि ती ना प्रदेश विचारणार होती ना परवानगी. आमचा जुना टीव्ही खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, अजून चालतो, हेही मला ठाऊक होतं. मी ओरडायचा प्रयत्न केला. वीज नसलेल्या यंत्राचं ओरडणं कुणाला ऐकू जात नाही.

जेवण सोडून उठायचं की काय, असं सगळ्यांच्या मनात आलं असावं. शेवटी जयराम उठला. लुंगीला हात पुसले, बाईमाणूस पदराला पुसते तसे. दारातल्या माणसांकडे पाहिलं आणि अगदी तिच्याच सुरात, तिच्याच बेताने म्हणाला, "बसा रे जेवूक. जेवान निवता."

सगळे बसले. मुकेश जेवताना मान वर करत नव्हता. जयरामने त्याच्या पानात आणखी एक वडा घातला आणि पाठीवरून हात फिरवला. त्याला दोष देऊ नका. विकत घेतलेली वस्तू आपली होते एवढंच त्याला शिकवलेलं होतं, आणि ते खोटं ठरवणारा तो नव्हता.

जेवणं झाली. पानं उचलता उचलता रूपेशने वर पाहिलं.

"दादा, तो वयलो डबो काढून टाकूया मरे. उगीच जागा अडता. येत्या शुक्रवारी भंगारवालो येतलो."

जयराम हात धूत होता. "काढ," तो म्हणाला. "आता तेचो काय उपेग."

मित्रांनो, येत्या शुक्रवारी मला खाली काढतील. हे जयरामच्याच तोंडून आलं, आणि त्याच्यावर मला रागावता येत नाही. पण तुम्हाला मी हात जोडून सांगतो, आणि रागावूनही सांगतो. ज्याची चावी दुसऱ्याच्या खिशात आहे त्याला आपलं म्हणू नका. आणि घरातलं एखादं जुनं यंत्र टाकायला निघालात, तर आधी त्याला एकदा वीज द्या आणि कप्पा उघडून पाहा. आत कुणाची तरी आई जेवायला बोलावत असेल.