उपासाचं मीठ

डॉक्टरने महागूच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, तेव्हा त्याची बायको तुळसाबाई वाकून त्या खळग्याकडे बघू लागली.

"मीठ बिलकुल बंद," कटंगीचा डॉक्टर म्हणाला. "नाहीतर हे पाणी छातीत चढेल. मग बालाघाटला नेऊनही उपयोग नाही."

आता मीठ बंद म्हणजे काय, हे तुळसाबाईला कोणी शिकवायचं? जन्म गेला तिचा एकादश्या करण्यात. उपासाला मीठ बंद असतं, शेंदेलोण चालतं. घरी आल्याबरोबर मिठाचं मडकं तिने शेजारच्या जिजाबाईकडे नेऊन ठेवलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. बाजारातून शेंदेलोणाचे खडे आणून कुटले आणि नवऱ्याच्या वरणात सढळ हाताने घातले. देवाला चालतं ते डॉक्टरला काहून चालू नये?

पण तेवढ्याने तिच्या जिवाला चैन कुठली. तिने मारुतीपुढे पदर पसरला. धनी उठून धानाच्या बांधीवर जाईस्तोवर मी अळणी खाईन, शेंदेलोणालाही शिवणार नाही. आणि बाई बोलल्यासारखी वागली. चुलीवर मोठ्या गंजात त्याचं वरण, लहान गंजात तिचं. घास घशाखाली उतरेना, पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची. धानाच्या रोवण्याला वाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तरी कोणाला सांगितलं नाही.

महागू मात्र सुजतच गेला. आडवं झालं की त्याचा दम कोंडायचा. गावाला बस नव्हती. पुन्हा बैलगाडी जुंपली.

डॉक्टर चिडला. "हा मीठ खातो आहे."

"एक खडा नाई जी. देवाशपथ. निस्तं शेंदेलोण देतो."

डॉक्टर तिच्याकडे वळला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तेही मीठच आहे. उपासाला चालतं, सुजेला नाही."

परतीच्या वाटेवर तुळसाबाई गाडीत मान खाली घालून बसली होती. वैऱ्याने केलं नसतं ते आपण केलं, आणि तेही कुटून, चाळून, मायेने. महागूच्या पायांकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

घरी येऊन तिने लहान गंज पुढे ओढला आणि त्यातलं त्याला वाढलं. पहिल्या घासालाच महागूने तोंड वाकडं केलं.

"हे कोनाचं?"

"माहंच. मी हेच खातो."

"कवापासून?"

"तुमाले दुखनं लागलं तवापासून."

महागूने ताट जवळ ओढलं. घासाघासाला दम घेत त्याने ताट संपवलं. मग हात लांब करून मोठा गंज तिच्याकडे सरकवला.

"हे तू खाय."

"नवस मोडते ना."

"मोडू दे. किती वाळली तू. मी उठीन तवा घरात तू उभी पाह्यजे."

तुळसाबाईने घास घेतला. जिभेला चव लागली आणि तिला रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी अन्न गोड लागलं होतं, आणि ते गोड लागलं याचीच तिला लाज वाटली.