सतरा नंबरची दृष्ट

मोहरीचे उत्पादन ठरवणारे एकच एक जनुक सापडावे, अशी वाण निवड समितीची जुनी इच्छा होती. तसे जनुक नसते. शेंगांची संख्या, शेंगेतले दाणे आणि दाण्याचे वजन ही तीन भावंडे उत्पादन वाटून घेतात. एक माजले की दुसरे बहुधा रोडावते, आणि प्रत्येकाच्या पाठीशी डझनावारी जनुके भाऊबंदांसारखी उभी असतात. डॉ. वृषाली हे सात वर्षे सांगत होती. समिती सात वर्षे मान डोलवत होती आणि शेवटी विचारत होती, "ते ठीक आहे, पण मुख्य जनुक कोणते?"

तिचा सतरा क्रमांकाचा वाण या भाऊबंदकीला अपवाद होता: शेंगाही भरपूर, दाणेही टपोरे. निरगुडसरला रखमाजींच्या रानात तिने चोवीस वाण पेरले होते. प्रत्येक वाण तीन वाफ्यांत, चिठ्ठ्या टाकून विखुरलेला. सतराने जुन्या प्रचलित वाणापेक्षा दहा टक्के जास्त दिले तर पुढची चाचणी, नाहीतर सात वर्षे एका लिफाफ्यात बंद.

मार्चमध्ये वजने झाली. जुना वाण वाफ्याला सरासरी सहाशे चाळीस ग्रॅम. सतरा सहाशे अठ्ठ्याण्णव. हवे होते सातशे चार.

वृषालीने वही उघडली. काढणीच्या दिवशीची नोंद होती: सतराच्या तिन्ही वाफ्यांत काही शेंडे खुडलेले, शेजारी एकही नाही. पाखरांचा संशय घेता येत नव्हता. पाखरांना क्रमांक वाचता येत नाहीत.

"रखमाजीभाऊ, सतरा नंबरात कोण शिरलं होतं?"

"आमच्या रानात कोण शिरतंय, म्याडम? बिबट्या बी तुमची पाटी वाचून माघारी जातोय."

रखमाजींची बायको शीलाकाकू चहा घेऊन आल्या आणि कपात साखर किती ते सांगावे तितक्या सहज म्हणाल्या, "मीच खुडलं. दिष्ट काढाया."

"कुणाची?"

"सतराची. कुनी बी थांबून म्हनायचं, काय लगडलीय राव. बेल्ह्याच्या बैलबाजारातनं येनारा एक पावना तर गाडी लावून फोटू काढून गेला. तीन शनवार तीन वाफं केलं. मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. लई तडतडल्या. म्हंजी दिष्ट व्हतीच."

"घरात मोहरी नव्हती का?"

"पुडीतली? ती कुठली कोन. जिची दिष्ट, तिचीच मोहरी लागती, ताई."

प्रयोगाची आखणी निर्दोष आहे, हे वृषालीला मनातल्या मनात मान्य करावे लागले. काकूंनी नकाशाशिवाय तिन्ही वाफे शोधले होते, तिन्हींना समान उपचार दिला होता आणि परिणामही मिळवला होता. दृष्ट लागली की उत्पादन घटते, हे त्यांनी ती काढून सिद्ध केले होते.

"वाफ्याला किती घेतली?"

"मूठभर."

वृषालीने सतराची पिशवी पुढे केली आणि काट्यावर ताटली ठेवली. काकूंनी तीन मुठी टाकल्या. एकतीस, तेहेतीस, बत्तीस ग्रॅम. तिच्या पदवीधर मदतनिसांचे हातही इतके स्थिर नव्हते. बत्तीस मिळवले तर सतरा सातशे तीसवर जात होता. पण मागाहून मिळवलेले वजन समिती मानत नसे. नुकसानीचे कारण मान्य झाले, तर फार तर आणखी एक हंगाम मिळे.

समितीचे सचिव डॉ. सुदर्शन यांना तिने फोन केला.

"अर्जात कारणांच्या चौकटी चारच आहेत," ते म्हणाले. "गारपीट, पक्षी, जनावरे, चोरी. पक्षी लिहा. पक्षी खुलासा मागत नाहीत. नाहीतर चोरी लिहा."

फोनमधला आवाज खणखणीत होता. रखमाजींनी कप खाली ठेवला. "सोताच्या रानात चोरी? त्या सायबाला म्हनावं, आमच्या घरी एकदा चहाला ये."

वृषालीने चारही चौकटी मोकळ्या सोडल्या आणि खाली लिहिले: 'दृष्ट काढणे. वाफ्यास सुमारे बत्तीस ग्रॅम. पद्धत सोबत जोडली आहे.' सात वर्षांचे काम यामुळे हसण्यावारी जाईल, हे तिला ठाऊक होते. पण पाखरे तिथे आली नव्हती.

अकरा दिवसांनी उत्तर आले. एक हंगाम मंजूर. अट अशी की 'सदर उपचार सर्व वाणांस समान द्यावा अथवा कोणासही देऊ नये.' समितीने सात वर्षांत लिहिलेले हे पहिले शास्त्रशुद्ध वाक्य होते.

ते तिने काकूंना वाचून दाखवले. "बांधालगत प्रत्येक वाणाची एक जादा ओळ पेरते, मोजणीबाहेरची. खुडायचं ते तिथलंच. पण काढायची तर चोवीसांची काढायची."

काकूंनी पदराने हात पुसले. "चोवीसांची? त्या नवाकडं कुत्रं बी बघत न्हाई. त्याला कोन नजर लावतंय?"

"नियम आहे, काकू."

काकूंनी थोडा विचार केला.

"बरं, काढते. पर नवाची नुसत्या मिठानं."