दैवशालाच्या पायातलं टायटॅनियम

मी दैवशालाच्या उजव्या गुडघ्याखालून बोलतोय. वर तिच्या पायाला धरून बसणारा साचा, खाली रबराचं पाऊल आणि दोघांच्या मध्ये उभी असलेली राखाडी नळी, तो मी. टायटॅनियमचा एक तुकडा. नाव जड असलं तरी अंगानं मी हलका आहे. तिच्या पेडगावात मला सगळे ‘विमानाचं लोखंड’ म्हणतात. मी लोखंड नाही, पण अख्ख्या गावाशी वाद कोण घालणार!

माझं मूळ समुद्रकाठच्या काळ्या वाळूत. वाळू काही महाग नसते, पण तिच्यातून मला बाहेर काढणं फार महाग. खूप तापलो की मी हवा गिळतो आणि मग ठिसूळ होतो. म्हणून मला हवेपासून जपत, बंद भांड्यात वितळवावं लागतं. एवढे लाड झाल्यावर माझा भाव चढणारच! पुण्याच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात मी जाड सळई होऊन आलो. बरीचशी सळई कुठल्याशा कारखान्यानं नेली आणि हातभर उरलो तो मी. लोक यायचे, मला उचलून बघायचे, “अरे, किती हलका!” म्हणायचे आणि भाव कानावर पडला की हळूच खाली ठेवायचे.

एक दिवस राजेश्री आली. परभणीच्या एमआयडीसीत ती वडिलांचं लेथचं, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्राचं, वर्कशॉप चालवते. पेरणीयंत्राचे दांडे, मोटारींचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे रोलर, हे तिचं रोजचं काम. तिला खरं तर तयार नळी हवी होती. पण घ्यायची तर अख्खी नळी घ्या, एवढासा तुकडा कापून देत नाही, असं तिला प्रत्येक दुकानात ऐकवलं गेलं होतं. शेवटी सळई पोखरूनच नळी करायची, असं ठरवून ती माझ्यापाशी पोचली.

“विमानाचं काम आहे का मॅडम?” व्यापाऱ्यानं विचारलं.

“नाही. मेंढरांमागं चालायचंय.”

तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं मला काट्यावर ठेवलं. मी खरंच टायटॅनियम आहे ना, हे तिनं यंत्र लावून तपासून घेतलं, भावासाठी बराच वेळ भांडली आणि लेथवर तुकडा धरून ठेवणाऱ्या नव्या चकासाठी साठवलेले पैसे माझ्यावर खर्चून मोकळी झाली. परतीच्या रेल्वेत मी तिच्या मांडीवर होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, “मूर्ती हाय का वो?” राजेश्री म्हणाली, “अजून व्हायचीय.”

दैवशालाची गोष्ट मला तिथंच, रेल्वेतल्या राजेश्रीच्या फोनवरच्या बोलण्यातून कळली. दैवशाला आणि तिचा नवरा बिरदेव, दोघं मेंढ्यांच्या मागं रानोमाळ फिरणारी माणसं. पाथरीच्या रस्त्यावर एक ट्रॉली उलटली आणि तिचा पाय गुडघ्याखाली गेला. परभणीत कृत्रिम पाय बसवणाऱ्या मंजुषाताईंनी तिला पाय दिला. पहिल्या पायाची नळी स्टीलची होती. तिच्या ओझ्यानं दुपारपर्यंतच दैवशालाची मांडी भरून यायची. मग ॲल्युमिनियमची बसवली, ती शेताचा बांध उतरताना वाकली. परदेशी टायटॅनियमची नळी मागवायची तर तिची किंमत ऐकूनच बिरदेव दवाखान्याच्या पायरीवर बसला. मेंढ्या हाकायला एक माणूस पुढं लागतो, एक मागं. एकट्याला कळप आवरेना. कळप विकायचं त्यानं मनात धरलं होतं, व्यापारीही ठरला होता. तेव्हा मंजुषाताईंनी राजेश्रीला विचारलं होतं, “तुझ्या लेथवर होईल का गं?”

आणि राजेश्री ‘होईल’ म्हणून बसली होती. टायटॅनियमला तिनं तोवर हातही लावलेला नव्हता!

पहिल्याच दिवशी आमचं जमलं नाही. तिनं लेथ लोखंडाच्या वेगानं फिरवला. आता माझा स्वभाव सांगतो. लोखंड कापताना उष्णता कापून पडणाऱ्या किसाबरोबर निघून जाते. मी ती पुढं जाऊच देत नाही, टूलच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या, टोकापाशी धरून ठेवतो. टूल लाल झालं आणि त्याचं टोक गळून पडलं. दुसरं लावलं, तेही गेलं. भीतभीत अगदी वरवर कापायला गेली, तर मी घासून घासून आणखी कडक झालो.

तिचे वडील दिनकरराव स्टुलावर बसून बघत होते. लोखंडात जन्म गेलेला माणूस. ते म्हणाले, “पोरी, हे लोखंड न्हाई, रुसलेला जावई हाय. घाई करू नको, अन् अर्ध्यात सोडूबी नको.”

राजेश्री हसली आणि तिनं वेग अगदी कमी केला. कूलंटची, म्हणजे गार ठेवणाऱ्या पाण्याची, धार माझ्यावर धरली, टूल नेटानं आत घातलं आणि मध्ये कुठंही थांबवलं नाही. मग मी ऐकलं. माझ्या अंगातून लांब, चकचकीत वेटोळी निघू लागली. पण त्याचं दुःख वेगळंच! एवढं महाग घेतलेलं माझं अंग, त्यातलं बहुतेक किस होऊन लेथखाली पडत होतं. दिनकरराव त्या ढिगाकडं बघून हळहळले, “सोन्याचा भुसा पडायलाय.”

त्याच भुशानं घात केला. एका संध्याकाळी टूल बोथट झालं, ठिणगी उडाली आणि खालचा बारीक किस पेटला. साधी पिवळी आग नव्हे. डोळे दिपवणारा पांढरा उजेड! दिनकररावांनी धावत जाऊन पाण्याची बादली उचलली.

“अप्पा, पाणी नका टाकू! भडकंल!” राजेश्री ओरडली.

“मग काय टाकू? जळायलंय की समदं!”

“वाळू! वाळू ओता!”

मला आणल्यापासून तिनं कोरड्या वाळूची घमेली भरून ठेवली होती, रोज कुणी ना कुणी त्यांना ठेचकाळून तिला बोलत असे. दोघांनी घमेल्यांमागून घमेली ओतली. उजेड विझला. मी चकात होतो तसाच सलामत होतो. शेजारचा वेल्डर धावत आला, म्हणाला, “काय झालं?” दिनकरराव काळवंडलेल्या मिशा पुसत म्हणाले, “काय न्हाई. पोरीनं दिवाळी लवकर केली.” तिघंही पोट धरून हसले. त्या दिवसापासून माझा किस रोजच्या रोज उचलला जाऊ लागला.

आतून पोखरून झालो, आता बाहेरून बारीक व्हायचं राहिलं होतं. हीच खरी परीक्षा. अंग पातळ झालं की मी टूलखाली दबतो, पुन्हा उसळतो आणि किंचाळत थरथरतो. माझ्या अंगावर लाटा उमटायला लागल्या. राजेश्रीनं लेथ बंद केला. दुसरा तुकडा नव्हता, आणायला पैसेही नव्हते. बाजाराचा दिवस जवळ आला होता, त्या दिवशी व्यापारी कळप न्यायला येणार होता. ती कपाळाला हात लावून बसून राहिली.

दिनकरराव उठून मागच्या अंगणात गेले. बाभळीचा वाळलेला दांडा घेऊन आले. “पोटात काय न्हाई म्हणून थरथरायलंय ते. पोट भर त्याचं.”

त्यांनी दांडा त्याच लेथवर गोल केला आणि राजेश्रीनं तो ठोकून ठोकून माझ्या पोटात घट्ट बसवला. लेथ सुरू झाला. किंचाळणं बंद! मी शांतपणे फिरत राहिलो, लाटा निघून गेल्या आणि अंगावर चांदीसारखी झळाळी आली. बाप-लेक एकमेकांकडं बघत होते. राजेश्रीनं त्यांच्या खांद्यावरच्या उपरण्यानं मला पुसलं.

मंजुषाताईंनी मला दाबाच्या यंत्रात धरून दैवशालाच्या वजनाच्या कितीतरी पट भार दिला. मी वाकलो नाही. मग त्यांनी मला साच्याला आणि पावलाला जोडलं. दैवशाला दोन्ही बाजूंचे दांडे धरून उभी राहिली. एक पाऊल टाकलं आणि थबकली.

“ताई, नळी बसवायची इसरली का काय? पायात काहीच न्हाई वाटायलंय!”

मंजुषाताई हसल्या, राजेश्री मात्र तोंड फिरवून डोळे पुसत होती. दैवशालानं दांडे सोडले. खोलीत चालली, व्हरांड्यात चालली, पायऱ्या उतरली. काही दिवस तिथंच सराव झाला. मग बाजाराच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “आता मला पेडगावला सोडा. लय उशीर नको.”

आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा व्यापारी भगवानराव टेम्पो घेऊन आलेच होते. बिरदेव मान खाली घालून एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होता. दैवशाला सरळ कळपाच्या पुढं गेली आणि तोंडानं एक लांब हाक घातली. मेंढ्यांनी माना वर केल्या. ती वळून चालायला लागली. काळ्या रानातल्या ढेकळांतून, न थांबता. आणि सगळा कळप तिच्या मागं निघाला, टेम्पोपाशी एकही मेंढी उरली नाही!

बिरदेव बघतच राहिला. मग काठी उचलत म्हणाला, “भगवानराव, च्या घ्या अन् जावा. सौदा ऱ्हाऊ द्या.”

“आता कामून?”

“आमची मालकीण निघाली बघा रानात!”

भगवानराव मोठ्यांदा हसले. “मग उभा कामून ऱ्हायलास? पळ की मागं!”

आता मी रोज चालतो. चिखलात जातो, ओढ्यातून जातो, गंज मला धरत नाही. दैवशाला संध्याकाळी हातपंपावर स्वतःचा पाय धुते तेव्हा मलाही धुते. तिनं कातलेल्या लोकरीची घोंगडी दिनकररावांच्या स्टुलावर आहे. ते ती कुणाला पांघरू देत नाहीत. आणि आता वर्कशॉपमध्ये पाय गमावलेल्या बाकीच्यांचेही फोन येतात, “तसली नळी आमाला मिळंल का?” राजेश्री कुणालाच नाही म्हणत नाही. पण माल मिळायला हवा ना! म्हणून एक विनंती आहे. तुमच्या कारखान्यात, गोदामात माझा एखादा भाऊबंद कापून उरला असेल, तर त्याला कोपऱ्यात पडू देऊ नका. तुम्हाला तो तुकडा वाटेल, पण कुणाच्या तरी अंगणात कुणीतरी त्याची वाट बघत बसलेलं असेल.

बरं, आता बोलणं आवरतो. इथं बांधावर एक मेंढी आत्ताच व्यायली आहे. दैवशाला खाली वाकली, ओलं कोकरू पदरानं पुसलं आणि उचलून खांद्यावर घेतलं. माझ्यावर एका नव्या जिवाचा भार आला आहे. इवलासा, ऊबदार आणि हलता. तिनं पाऊल उचललंय. येतो मी.