उलट्या दात्यांची चाकं

खाडीच्या चिखलात कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा वास पुष्कळांना सहन होत नाही. मला मात्र त्या आंबूस, ओलसर दर्पात आजही सुंदरकाकींची चाहूल लागते. सकाळची कोवळी उन्हं झावळ्यांतून झिरपून अंगणात उतरत आणि त्या कवडशांत बसून काकी दांडक्याने सोडणं बडवत असत. तंतू सुटे होत, पिंगट भुसा त्यांच्या भुवयांत आणि पातळाच्या निऱ्यांत साचत राही. लग्न होऊन मी देवबागेत आले तेव्हा कुंपणापलीकडून आधी ऐकू आला तो या बडवण्याचा ताल. बाई नंतर दिसली. ठेंगणी, काटक, बोलण्यात कंजूष आणि हसू आलं की मान वळवणारी. काथ्याचे दोर वळून त्यांनी एकटीने संसार रेटला होता, कारण नवरा मुंबईत होता. तिथल्या एका जिमखान्याची हिरवळ राखायला.

ते वासूकाका निवृत्त होऊन परतले, तेव्हा आगबोटीतून त्यांच्याबरोबर एक ट्रंक आणि हाताने ढकलायचं, गवत कापायचं एक विलायती यंत्र उतरलं. साहेब लोक निघून गेल्यावर अडगळीत पडलेलं ते धूड त्यांनी हौसेने मागून घेतलं होतं. उतरवताना त्याचं एक बिडाचं चाक धक्क्यावर आपटून फुटलं. दुसऱ्याचे दाते गंजाने आधीच खाल्ले होते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची ही चिंचोळी पट्टी; तिच्यावर काकांना घरापुढे हरळीची हिरवळ राखायची होती. गाव हसला. काकांनी त्या हसण्याला भीक घातली नाही.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येणारा नवरा आता कायमचा घरात आला होता, आणि आयुष्यभर पत्रांतून खुशाली कळवणाऱ्या त्या दोघांना समोरासमोर काय बोलावं तेच सुचत नव्हतं. निरोप माझ्यामार्फत जात. "तेंका सांग गो, जेवान थंड होता," एवढंच काकींचं बोलणं, तेही नवरा चार हातांवर बसलेला असताना. मला हसूही येई आणि जीवही तुटे. काकांनी ट्रंक अजून उघडली नव्हती. एका दुपारी ते मला म्हणाले, "चाकां गावली तर रवतलंय. नायतर गणपती झाले की परत मुंबयक. बसान खावची सवय नाय माका. हय माझा काम काय?" आत चुलीशी काकींची फुंकणी वाजत होती, ती थांबली. त्या दोन चाकांवर या बाईचं उरलेलं आयुष्य टांगलं गेलं आहे हे मला त्या शांततेत कळलं, आणि काकांचा मनस्वी राग आला.

चाकांच्या शोधात काकांनी मालवणचा बाजार पालथा घातला, तळेऱ्याला गाड्या दुरुस्त करणाऱ्यांचे उंबरे झिजवले. अखेर विजयदुर्गच्या एका भंगारवाल्याकडे, चारा कापायच्या मोडक्या यंत्राची दोन दातेरी कडी मिळाली. गंजाने ती इतकी माखली होती की दाते कुठे आणि फटी कुठे हे हातालाही उमगू नये. काकींनी ती न सांगता उचलली, घासलेटात भिजत घातली आणि काथ्याच्या चुंबळीने घासायला घेतली. दिवसामागून दिवस त्यांचे तळवे तांबडे होत गेले आणि कड्यांतून हळूहळू पोलादाचा करडा, थंड उजेड वर आला. होडी बांधणाऱ्या सुताराने फणसाच्या लाकडाची चाकं घडवली, लोहाराने बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशी तापवून त्यांवर लोखंडी धाव चढवली, आणि काकींनी घासलेली कडी आतून ठोकून बसवली. इतकी देखणी चाकं मी जन्मात पाहिली नव्हती.

श्रावणातली उघडीप होती. गंमत बघायला गाव कुंपणाशी जमला होता. हरळी घोट्याला लागत होती. काकांनी धोतर खोचलं, मूठ धरली आणि यंत्र पुढे ढकललं. चाकं फिरली, पाती मात्र ढिम्म हलली नाहीत. त्यांनी पुन्हा ढकललं, तेल घातलं, आई-बाप काढले, पुन्हा ढकललं. मग यंत्र तिथेच सोडून, कोणाकडेही न बघता ते ट्रंक काढायला घरात गेले.

काकी क्षणभर उभ्या राहिल्या. मग यंत्र पडवीत घ्यायला म्हणून त्यांनी मूठ धरली आणि सवयीने, पाठ घराकडे करून, उलट्या पावली चालू लागल्या. दोर वळणारी बाई अशीच चालते: काथ्याचं टोक रहाटाच्या आकड्याला, कमरेला तंतूंची ओटी, आणि पाऊल मागे, मागे, वळून न पाहता. आणि एकाएकी किणकिण उठली. पाती गरागरा फिरू लागली, हरळीचे तुकडे उडाले, ओल्या गवताचा हिरवा गंध अंगणभर पसरला.

ट्रंक घेऊन काका दारात आले. "अगो, उलटी खंय चल्लंस? थांब... नाय, नाय, थांबू नको! चल!"

उलगडा सोपा होता. मूळ चाकांचे दाते आतल्या बाजूला होते, या कड्यांचे बाहेरच्या. मापं सगळी जुळली होती, दिशा तेवढी उलटली होती, आणि पात्यांचा खटका एकाच दिशेला धरत होता. हे यंत्र आता ओढणाऱ्याचंच काम करणार होतं. काकांनी ट्रंक खाली ठेवली आणि मूठ हातात घेतली खरी, पण उलटं चालायचं कसब त्यांच्यापाशी कुठलं? दुसऱ्याच पावलाला कुर्ली खेकड्याच्या बिळात टाच अडकून ते कोलमडले. तेव्हा काकी त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि गावाच्या देखत त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर तळवा टेकला. "तुमी ओढा," त्या म्हणाल्या. "वाट मी सांगतंय." त्यांचं ते थेट बोलणं ऐकून माझे डोळे भरून आले.

काका राहिले. हिरवळ काही मखमलीची झाली नाही. कुठे कापलेली, कुठे चावल्यासारखी. पण उन्हं कलली की ती दोघं अंगणात दिसत, एकामागे एक, आणि किणकिणीच्या वर काकींचा आवाज ऐकू येई, "डावीकडे. आता माड ईलो."

काकी आधी गेल्या. काका अजून यंत्र ओढतात. अंगणाची वीत न् वीत त्यांना पाठ झाली आहे, तरी माडापाशी आले की थबकतात. काळातून आपण सगळेच असे पाठमोरे चालत असतो, सरलेलं तेवढं डोळ्यांसमोर. पाठीवरचा हात निघून गेला की कळतं, जिला आपण आपली चाल समजत होतो ती त्या हाताची होती.