निष्क्रिय वाचकांची नोंद

पोहण्याचा तलाव, सभागृह, छोटंसं वस्तुसंग्रहालय आणि माझं वाचनालय ही आपली चार नकोशी लेकरं नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी एका धर्मादाय ट्रस्टच्या ओटीत टाकली आणि हात झटकले. ट्रस्टने ती आनंदाने घेतली. ट्रस्टला सगळ्याचाच आनंद होतो. छत गळतंय असं कळवलं, तर आधी 'कळवल्याबद्दल मनःपूर्वक आभार' असं छापील पत्र येतं आणि दोन आठवड्यांनी बादली येते.

मी तिथली ग्रंथपाल. तेवीस वर्षं एका खुर्चीवर बसून लोकांना 'हळू बोला' सांगते आहे आणि या कामात माझा हात कुणी धरू शकणार नाही.

ट्रस्टचे संचालक पूर्वी व्यायामशाळा चालवायचे. माणूस वाईट नाही, उलट फारच चांगला आहे, आणि तीच तर अडचण आहे. त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं. बसलेला माणूस दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो. आम्ही त्यांना पाठीमागे 'चला-उठा' म्हणतो. समोर साहेब.

चला-उठांनी आल्या आल्या चारही ठिकाणांसाठी एकच फॉर्म काढला. खरं तर तो तलावासाठी केलेला होता, पण छापून इतका सुंदर आला की तो एकट्या तलावाला देणं त्यांच्या जिवावर आलं. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या वाचकाला पुस्तक परत करताना लिहून द्यावं लागायचं, 'सेवेचा लाभ घेताना शरीराचा कोणता भाग प्रामुख्याने वापरला?' रोज येणाऱ्या निवृत्त पोस्टमननी तिथे 'बैठक' असं लिहिलं. पुढचा प्रश्न होता, 'सेवेनंतर दम लागला का?' शिवणकाम करणाऱ्या बाईंनी प्रामाणिकपणे 'जिना चढताना' असं लिहून दिलं. फॉर्मच्या तळाशी आमच्यासाठी एक रकाना होता. दर तासाला समोरच्या माणसाकडे पाहायचं आणि खूण करायची, सक्रिय किंवा निष्क्रिय. मी जे दिसलं ते भरत गेले. मला वाटलं, हे कागद कोण वाचतंय!

कुणीतरी वाचले. तीन महिन्यांनी चला-उठा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ते बसत नाहीत.

"मॅडम, तुमचे एक्क्याण्णव टक्के लाभार्थी निष्क्रिय आहेत."

"साहेब, ते वाचतायत."

"हो, पण बसून!"

"मग काय दोरीवरच्या उड्या मारत वाचू देत?"

त्यांनी यावर खरोखर विचार केला. माझ्या डोळ्यांदेखत केला. मग म्हणाले, "पुढच्या तिमाहीत साठ टक्के सक्रिय दिसायला हवेत. नाहीतर वाचनकक्षाचं हालचाल केंद्र करायचा ठराव आहे. पुस्तकं राहतील हो, काळजी नको! व्यायामाच्या सायकलींच्या समोर छान मांडून ठेवू."

एरवी मी हे ऐकून रात्री नवऱ्याला नक्कल करून दाखवली असती. पण या वेळी ते जमलं नाही. कारण माझ्याकडचा सगळ्यात निष्क्रिय लाभार्थी माझा सख्खा भाऊ होता.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. त्याने उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवलं. तोंडाचा पट्टा असा, की शिकाऊ माणूस गाडीला घाबरायचं विसरून त्यालाच घाबरायचा. या प्रसंगाच्या वर्षभर आधी त्याला मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द गेले. गेले म्हणजे पुसले गेले नाहीत. आत होते, बाहेर यायला वेळ लागायचा. अक्षरं दिसायची, पण ती एकमेकांचा हात धरायला तयार नव्हती.

पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरच्यांना एवढंच सांगितलं होतं, "त्यांना थांबून बोलू द्या. मध्ये शब्द पुरवू नका." सोपं वाटतं ना? आमच्या वहिनीला विचारा. तिचा दादावर इतका जीव, की त्याने 'पा' म्हणायचा अवकाश, हातात पाण्याचा पेला हजर. त्याला पायमोजे हवे असायचे. तो पाणी पिऊन टाकायचा. त्यांची मुलगी तिच्या वरताण, आणि मी दोघींच्या वरताण. आमच्या घरात त्याला दिवसभरात एक अख्खा शब्द स्वतःचा स्वतः बोलता येत नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून प्रेमाने त्याचं तोंड बांधलं होतं.

म्हणून तो वाचनकक्षात यायला लागला. सकाळी दहाला यायचा, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा आणि मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक उघडायचा. मधमाश्याच का, देव जाणे. तिथे बोलायला बंदी, त्यामुळे त्याचे शब्द कुणी पूर्ण करणार नव्हतं. ओठ हलायचे, आवाज नाही. एका ओळीला पाऊण तास. चार महिन्यांत तो एकेचाळीसाव्या पानावर पोचला होता. तो परत बोलायला शिकत होता आणि ते फक्त त्या एका खोलीत जमत होतं. मी फॉर्मवर दर तासाला त्याच्यापुढे 'निष्क्रिय' लिहायचे आणि मनातल्या मनात ट्रस्टच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

वाचनकक्ष वाचवायलाच हवा होता. मी नियमावली काढून बसले. त्यात व्याख्या होती, 'सक्रिय: जो लाभार्थी नोंदीच्या वेळी शरीराची हेतुपूर्ण हालचाल करत असेल.' मी चला-उठांना फोन लावला.

"साहेब, पान उलटणं हालचालीत धरायचं का?"

पलीकडे नियमावली चाळल्याचा आवाज आला. "हेतुपूर्ण उलटत असतील तर धरा."

झालं. मी वाचकांना हळूच समजावलं, की तास भरला आणि मी चष्मा लावला की पानं उलटायची. लोकांनी असं मनावर घेतलं की विचारू नका. पोस्टमननी जाडजूड शब्दकोश पुढ्यात घेतला आणि पत्रं वाटावीत तशी पानं वाटायला लागले. शिवणकामवाल्या बाई पान उलटताना पायही हलवायच्या, सवयीने. निष्क्रियता एक्क्याण्णववरून चौतीसवर आली. फक्त दादा एकेचाळीसाव्या पानावर ठाम. मीही त्याला पान उलटायला सांगितलं नाही. त्या पानावर पोचायला त्याला किती कष्ट पडले होते ते मला माहीत होतं.

आकडे इतके सुधारले की ते पाहायला ट्रस्टच्या अध्यक्षबाई स्वतः आल्या. निळा कोट, गळ्यात चष्मा, मागे चला-उठा आणि फोटो काढणारा. मी चष्मा लावला. खोलीभर अशी सळसळ उठली, की अध्यक्षबाईंनी खिडकी उघडी आहे का ते पाहिलं.

"वा! किती भराभर वाचतात हो सगळे," त्या म्हणाल्या. मग दादाच्या टेबलापाशी थांबल्या. "हे काय करतायत?"

चला-उठांनी कागद चाळले आणि मान खाली घातली. "हे… निष्क्रिय आहेत. रोजचेच."

"एवढी छान जागा, खिडकी वगैरे, आणि निष्क्रिय?" बाई म्हणाल्या. रागाने नाही. हळहळून म्हणाल्या.

मी तेवढ्यावर गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण माझ्या भावाला कुणी रोजचाच निष्क्रिय म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं, हे माझ्या स्वभावात नाही. शिवाय हालचाल केंद्राची भीती डोक्यात होतीच. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीत मोठ्याने बोलले.

"दादा, वाचून दाखव यांना."

दादाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी तेव्हा वाचली नाही. सगळ्या पानांची सळसळ थांबली होती. त्याने बोट ओळीवर ठेवलं. कपाळावर घाम आला. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"माश्यांना," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "निळा." फोटोवालाही थांबला होता. "रंग. दिसतो."

चौदा महिन्यांतलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य. मी ढसाढसा रडले. पोस्टमननी टाळी वाजवली आणि लगेच सगळ्यांनी वाजवली. अध्यक्षबाईंना वाटलं, तो त्यांच्या कोटाबद्दल बोलला. त्या अगदी लाजल्या.

त्या आनंदात मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. कुणी मागितला नव्हता, तरी मी दोन पानी अहवाल लिहिला. भावाला झटका कसा आला, तो या कक्षात कसा येऊ लागला, चौदा महिन्यांनी वाक्य कसं उमटलं, सगळं. अहवाल माझ्या मते फार सुंदर झाला होता. त्याला शीर्षक हवं म्हणून मी वर लिहिलं, 'बोलतं वाचन'.

ट्रस्टने अहवाल वाचला. वाचला म्हणजे शीर्षक वाचलं. पंधरा दिवसांत हालचाल केंद्राचा ठराव रद्द झाला आणि वाचनकक्षाचं 'बोलतं वाचन केंद्र' झालं. दारावर दादाचा फोटो लागला, तोंड उघडं असलेला, खाली 'मी बोललो, तुम्हीही बोला!' प्रत्येक वाचकाशेजारी एक वाचनमित्र बसणार होता, मोठ्याने वाचून घ्यायला. माणसं फुकट काम करायला तयार होती, मनाने सोन्यासारखी. मी तक्रार कशाची करणार? कक्ष वाचवला होता ना! शंभर टक्के सक्रिय. पोस्टमन पहिल्याच दिवशी शब्दकोश मिटून तलावाच्या गॅलरीत बसायला गेले, म्हणाले तिथे त्यामानाने शांत आहे.

दादाच्या वाट्याला एक निवृत्त नाट्यशिक्षक आले. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दचकायला व्हावं. दादा 'मध' म्हणायचा आणि ते आनंदाने ओरडायचे, "मधमाशी! शाब्बास!" शब्द मधाचं पोळं होता. "पो… पोळी!" ते सुचवायचे. "पोळा! पोहणं!" दादाचं बोट ओळीवर थांबायचं आणि मग उचललं जायचं. मी टेबलामागून पाहत होते. उठून सांगायला हवं होतं. पण चला-उठा दारात उभे राहून मला अंगठा दाखवत होते आणि मीही त्यांना हसून मान डोलावत होते.

पाचव्या दिवशी दादा आला नाही. सहाव्याही नाही. आठवड्याने मी वहिनीला विचारलं, "दादाला बरं नाही का?"

"म्हणजे काय? रोज दहाला पिशवी घेऊन तुझ्याकडेच येतो की," ती म्हणाली.

मी तलावाच्या गॅलरीत पाहिलं, सभागृहात पाहिलं, संग्रहालयातल्या रखवालदाराला विचारलं. शेवटी वाचनालयासमोरचा रस्ता ओलांडताना तो मला दातांच्या दवाखान्याच्या काचेतून दिसला. बाहेरच्या खोलीतल्या बाकावर चारजण गाल धरून बसले होते आणि त्यांच्यात दादा, मांडीवर पुस्तक. दातांच्या दवाखान्यात कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येकजण आपापल्या भीतीत असतो.

"मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत," तिथली नोंदणी करणारी मुलगी कुजबुजली. "आठवडा झाला. शांत बसतात, म्हटलं राहू दे."

मी त्याच्याशेजारी बसले. पुस्तक पंचेचाळीसाव्या पानावर उघडं होतं. "दादा, चल ना परत. मी त्या मास्तरांना काढते. साहेबांशी भांडते. तू फक्त—"

त्याने हात वर केला. शिकाऊ माणसाला गाडी थांबवायला सांगायचा तसा.

"तू," तो म्हणाला.

मला तोंडाशी दहा शब्द आले. तू जा. तू नको रडू. तू काळजी करू नको. मी ओठ दाबून धरले. आत कुणाचा तरी दात काढत होते, त्याचा आवाज येत होता. एक माणूस आत गेला, दुसरा बाहेर आला. मी थांबले. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्यासाठी पुरती थांबले.

"तू मला," दादा म्हणाला, "विचारलं नाहीस."

वाक्य पूर्ण होतं आणि त्यातला एकही शब्द मी पुरवलेला नव्हता. त्याने पुन्हा पुस्तकावर बोट ठेवलं. मी तिथेच बसून राहिले, आणि नोंदणीवाल्या मुलीने माझ्यापुढे फॉर्म धरला तेव्हा मला कुठे दुखतंय ते लिहिता आलं नाही.