तळोद्याच्या पानावर

बेबाबाईनं डिंकाच्या बाटलीत काडी बुडवली, कात्रणाच्या पाठीवरून फिरवली आणि ते कात्रण वहीत तळोद्याच्या पानावर चिकटवून टाकलं. वर अंगठा दाबून धरला. नोकरी एरंडोलची होती.

वाचनालयाच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. भुसावळ–धुळे गाडी साडेचारला स्टँडवर लागायची आणि चहापुरती दहा मिनिटं थांबायची. स्टँड वाचनालयाला लागूनच. वाहक वना तेवढ्यात वही न्यायला येणार, म्हणजे डिंक वाळायला फार वेळ नव्हता. तिनं पानावर फुंकर मारली. पाहणारं कुणी नव्हतं. टेबलाशी दोन पेन्शनर एकाच वर्तमानपत्राची दोन पानं वाटून घेऊन वाचत होते आणि त्यांना साऱ्या जगाची काळजी असली, तरी समोर बसलेल्या बाईची नव्हती.

वही चौघांची होती. तीन वर्षांपूर्वी, नव्वदच्या उन्हाळ्यात, जळगावच्या ग्रंथालय प्रशिक्षण वर्गात ही चौघं एका बाकावर बसली. धुळ्याचा जीवराम, दोंडाईच्याचा मगन, दीपनगरचा तोताराम आणि एरंडोलची बेबाबाई. तिघं पंचविशीच्या आतबाहेरची पोरं. ही विधवा, पस्तिशीची. म्हणून पहिल्याच दिवशी ती अक्का झाली. वर्ग संपला, प्रमाणपत्रं मिळाली, नोकऱ्या काही मिळाल्या नाहीत. जाहिराती निघत, पण कुठल्या साप्ताहिकाच्या कोपऱ्यात, नाहीतर शाळेच्या फळ्यावर. एका गावची जागा दुसऱ्या गावाला कळेपर्यंत तिथं कुणाचा तरी भाचा बसलेला असे.

वहीची शक्कल बेबाबाईचीच. प्रत्येक तालुक्याला एक पान. ज्याला जी जागा कळेल त्यानं ती त्या पानावर लिहायची, इतरांनी लिहिलेलं वाचून खाली 'पाहिलं' म्हणून तारखेसह सही करायची आणि वही पुढं धाडायची. एरंडोलहून वनाच्या हाती धुळ्याला, धुळ्याहून दोंडाईच्याला, तिथून रेल्वेनं दीपनगरला, आणि तोताराम भुसावळ स्टँडवर ती पुन्हा वनाकडे देई. दहा-बारा दिवसांत फेरी पूर्ण. या हमालीबद्दल वनाला काय, तर एक कादंबरी, आणि तीही परत कधी करायची ते कुणी विचारायचं नाही. वहीनं तोतारामला दीपनगरच्या वसाहतीतल्या वाचनालयात हंगामी का होईना चिकटवलं होतं. त्या जागेची बातमीही बेबाबाईनंच लिहिली होती.

आणि आता गावातल्या कन्याशाळेची जाहिरात निघाली होती. पूर्णवेळ ग्रंथपाल. वयोमर्यादा अडतीस. बेबाबाई दिवाळीपर्यंत अडतीसची होती, त्यानंतर तिला कुठलीही जाहिरात विचारणार नव्हती. इथं वाचनालयात ती रोज तीन तास बसायची आणि तीन तासांच्या मानधनात सासू आणि ती अशा दोघींचा महिना ओढायची. शिवाय तिला हवी होती ती शाळेची ती खोली. सहा कपाटं, खिडकीत कडुनिंब आणि किल्ली आपल्या कमरेला. एवढंच. पण जीवराम वर्गात पहिला आला होता. त्यानं अर्ज केला तर तिला कोण विचारणार? जीवरामलाही नोकरीची निकड होतीच. नोकरी नाही म्हणून त्याची सोयरीक दोन वर्षं अडकून पडली होती.

जाहिरात लिहायचीच नाही, हे तिच्या हातून झालं नसतं. वही तिनंच सुरू केली होती. पण ग्रंथालयात बसणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. पुस्तक नाहीसं करायला ते फाडावं लागत नाही, चोरावं लागत नाही. चुकीच्या फळीवर ठेवलं की झालं. तळोद्याच्या पानावर तीन वर्षांत एक अक्षर पडलं नव्हतं. ते पान उलटून बघायचे कष्ट कुणी घेत नसे.

"अक्का, वही दे. गाडी उभी शे," वना दारातूनच म्हणाला.

"थांब भाऊ. डिंक ओला शे."

"मोठी जागा निंघनी का?"

"तळोदानी शे."

"तळोदानी!" वना हसला. "आठेन इतलं दूर कोन जाई?"

बेबाबाईनं वही मिटली, तिला दोरी बांधली आणि त्याच्या हातात दिली. गाडी सुटल्याचा आवाज आला तेव्हा तिचा अंगठा अजून चिकट होता.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज दिला. मग तिची दिवसांची मोजणी सुरू झाली. बारा दिवस झाले, वही आली नाही. पंधरा झाले. अर्जाची शेवटची तारीख गेली. वना रोज खिडकीतून हात हलवायचा आणि पुढं जायचा. आधी तिला बरं वाटलं, मग उगाच धाकधूक व्हायला लागली. वही हरवली असेल तर? असेल, तर निदान ते पानही गेलं, असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

मुलाखतीला बाकावर तिच्याशिवाय दोघं होते. प्रमाणपत्र एकाकडेही नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी कागद चाळले.

"जिल्ह्यात प्रशिक्षण घेतलेले इतके, आणि त्यांतला अर्ज फक्त तुमचाच?"

"जाहिरात लहान होती," बेबाबाई म्हणाली.

"बरं. एखादं पुस्तक नोंदीत आहे, कुणी नेलेलं नाही, पण जागेवर नाही. कसं शोधाल?"

"पहिल्या कपाटापासून एकेक फळी तपासायची, बाई. दुसरा मार्ग नाही. ज्याला पुस्तकाची गरज असते तो तेवढं करतो."

बोलता बोलता तिचे कान तापले. बाईंना उत्तर आवडलं असावं. त्यांनी खाली काहीतरी लिहिलं आणि एक तारखेपासून या म्हणून सांगितलं.

बेबाबाईला आनंद झाला. खोटं कशाला बोलायचं, रस्त्यात नाचावंसं वाटेल एवढा झाला. येताना तिनं जिलबी घेतली. सासूनं, भागाबाईनं, एक तुकडा देवापुढं ठेवला, दुसरा तोंडात टाकला आणि विचारलं,

"तुना त्या पोऱ्हेसले सांगं का?"

"सांगसू," बेबाबाई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी साडेचारला वना वाचनालयाच्या पायऱ्या चढून आला. हातात दोरी बांधलेली वही.

"ही ले. चार दिनफाईन मन्हा पेटीमा शे."

"चार दिवस? मग दिली का नही?"

"तोताराम बोलना, अक्कानी मुलाखत व्हई जाऊ दे, मंग देजो." वनानं टोपी काढून घाम पुसला. "व्हयनी ना? मी चहा पिसन येस."

तो गेला. बेबाबाई उभीच राहिली. मुलाखतीचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं वही उघडली ती एरंडोलच्या पानावर. वरच्या कोपऱ्यात एक छोटी चिठ्ठी डकवलेली होती. एका जागी शोधलेली वस्तू दुसऱ्या जागी असली, की ग्रंथपाल तिथं लावतो तसली. जीवरामचं मोत्यासारखं अक्षर. 'पाहा : तळोदे.'

तळोद्याच्या पानावर तिचं कात्रण होतं. वयोमर्यादेच्या आकड्याखाली निळ्या पेन्सिलीची रेघ. त्याखाली तीन सह्या. पाहिलं, जीवराम, सात तारीख. पाहिलं, मगन, अकरा. पाहिलं, तोताराम, पंधरा. अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत होती. जीवरामनं सहीपुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अक्का, पुस्तक जागेवर नव्हतं.'

बस्स, एवढंच. रागाचा शब्द नाही की उपकाराचा नाही.

बेबाबाई खुर्चीवर बसली. लाज इतकी वाटली की पेन्शनरांपैकी कुणी वर पाहू नये म्हणून तिनं वही तोंडासमोर धरली. तेरा दिवस हातात होते त्या पोराच्या. एरंडोल धुळ्याहून किती लांब? सकाळच्या गाडीनं येऊन अर्ज टाकून जेवायच्या वेळेला घरी पोचला असता.

मग तिनं वही टेबलावर ठेवली, पेन घेतलं आणि एरंडोलच्या पानावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'सार्वजनिक वाचनालय. अर्धवेळ. एक तारखेपासून जागा रिकामी. जीवरामनं सोमवारीच यावं. अध्यक्षांशी मी बोलते. सकाळी कन्याशाळेत सहा कपाटांची सूची करायची आहे, त्या कामाचं बाईंना मी विचारते. मुलीकडच्यांना दोन्ही कामं मिळून सांगावं.'

वाचून पाहिलं. पुन्हा तळोद्याचं पान काढलं. तिसऱ्या सहीखाली रेघ ओढून चौथी केली. पाहिलं, बेबाबाई. आजची तारीख घातली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. वना दारात आला.

"परत तळोदानी का, अक्का?"

"नही भाऊ," बेबाबाईनं दोरीची गाठ आवळली. "एरंडोलनी शे."